चित्र झाकलं आणि वाचन थांबलं

माझी भाची सहा वर्षांची असताना चित्रांचं एक छोटं पुस्तक घडाघडा वाचायची. पानावर एकेक ओळ, बोट ओळीखालून फिरतंय, आवाजात चढउतार, आणि घरातले सगळे खूश की बघा किती लवकर वाचायला लागली पोरगी. मीही खूश होते. एक दिवस ती माझ्या मांडीवर बसून वाचत होती, ओळ होती "हे बघ घर" आणि ती म्हणाली "हा बघ बंगला". चित्रात खरंच मोठा बंगलाच काढलेला होता. मी काही बोलले नाही, पुढच्या पानावर सहज हात ठेवावा तसा चित्रावर हात ठेवला. आणि ती थांबली. माझा हात बाजूला करायला लागली. मी म्हटलं अगं अक्षरं दिसतायत ना, वाच की, तर ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी तिला काहीतरी भलतंच करायला सांगितलंय.

तिच्या दृष्टीने ते भलतंच होतं, कारण वाचायचं म्हणजे अक्षरांकडे बघायचं हे तिला कोणी नीट दाखवलंच नव्हतं. आम्ही जे शिकवलं ते ती मन लावून करत होती. शब्द अडला की आम्ही सगळे, मी धरून, हेच म्हणायचो, "चित्रात काय आहे बघ बरं?" आणि तिने बरोबर सांगितलं की शाबास. म्हणजे शाबासकी अंदाजाला मिळत होती आणि तिला वाटत होतं की वाचनाला मिळतेय.

त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेले, आठवड्यातून दोन संध्याकाळी लहान मुलांबरोबर वाचायला बसायला लागले, आणि आता माझं मत पक्कं झालंय की वाचायला शिकवताना आपण मधली पायरी गाळतो. एकीकडे म्हणतात मुलांना पुस्तकांच्या सहवासात ठेवा, आपोआप वाचतील. दुसरीकडे म्हणतात मुळाक्षरं आणि बाराखडी पाठ करून घ्या, आपोआप वाचतील. दोघं एकमेकांवर टीका करतात पण दोघांचाही भरवसा त्या 'आपोआप' वरच आहे, आणि बहुतेक मुलांच्या बाबतीत तिथेच गाडी अडते. अक्षर दिसलं, त्याचा आवाज आठवला, तो पुढच्या आवाजाला जोडला, आणि जोडून झालेला शब्द आपण कधीतरी ऐकलेला आहे हे कळलं, ही ती मधली पायरी. ती मुद्दाम शिकवावी लागते, शेजारी बसून, रोज थोडी थोडी.

बोलणं असं शिकवावं लागत नाही. मूल माणसांत वाढलं की बोलतं. पण लिपी माणसाने शोधून काढली त्याला जेमतेम पाच हजार वर्षं झाली आणि त्यातला बहुतेक काळ बहुतेक माणसं निरक्षर होती, त्यामुळे मेंदूत जन्मतः वाचनासाठी राखून ठेवलेली जागाच नाही. स्तानिस्लास देहाएन नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने यावर खूप काम केलंय, ते सांगतात की वाचायला शिकताना मेंदूच्या डाव्या बाजूचा, मागच्या-खालच्या भागातला, एक तुकडा जो आधी चेहरे आणि वस्तू ओळखायच्या कामात असतो तो अक्षरांच्या कामाला लागतो आणि ऐकण्या-बोलण्याच्या भागांशी त्याची नवी जोडणी तयार होते. हे वाचल्यावर मला एक गोष्ट एकदम समजली. खुर्ची उलटी ठेवली, आडवी ठेवली, आरशात बघितली तरी ती खुर्चीच असते, आणि मेंदूला तेच माहीत असतं. अक्षराच्या बाबतीत मात्र एक बारीकशी रेघ इकडची तिकडे झाली की आवाज बदलतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व, थ आणि य, ष आणि प. मूल यात गोंधळलं की आपण म्हणतो लक्ष नाही, धांदरट आहे. लक्ष असतं हो त्याचं, फक्त जन्मापासून जे बारकावे सोडून द्यायला मेंदू शिकला तेच आता धरून ठेवायला आपण सांगतोय, त्याला थोडा वेळ लागणारच ना.

अंदाजाने वाचायला शिकवणं हे काही फक्त आमच्या घरातलं अज्ञान नव्हतं, त्यामागे एक मोठा विचार होता आणि तो चांगल्या हेतूने आलेला होता. 1967 मध्ये केनेथ गुडमन या अमेरिकन अभ्यासकाने एका निबंधात वाचनाला भाषिक अंदाजाचा खेळ म्हटलं. मांडणी अशी की चांगला वाचक प्रत्येक अक्षर वाचत बसत नाही, तो अर्थावरून, वाक्याच्या रचनेवरून आणि थोड्याफार अक्षरांवरून पुढचा शब्द हेरतो, मग मुलांनाही तेच शिकवूया. ऐकायला किती पटतं! आपल्या सगळ्यांना वाटतंच की आपण शब्दांवरून झरझर नजर फिरवतो. पण पुढे डोळ्यांच्या हालचाली मोजून बघितल्या तेव्हा दिसलं की सराईत वाचकाची नजर जवळपास प्रत्येक मोठ्या शब्दावर क्षणभर थांबते, फक्त ते इतकं पटकन होतं की त्याचं त्यालाच कळत नाही. कीथ स्टॅनोविच या मानसशास्त्रज्ञांची गोष्ट तर मला फार महत्त्वाची वाटते, त्यांनी आणि रिचर्ड वेस्ट यांनी 1970 च्या दशकात प्रयोग सुरू केले तेव्हा त्यांनाही वाटत होतं की चांगले वाचक संदर्भाचा आधार जास्त घेत असतील, आणि निघालं उलटं. शब्द ओळखण्यासाठी संदर्भावर जास्त टेकत होती ती कच्ची वाचणारी मुलं. चांगल्या वाचकाला गरजच पडत नव्हती, शब्द दिसला की तो त्याला येतच होता.

म्हणजे आपण मुलांना जी युक्ती शिकवत होतो ती न येणाऱ्यांची युक्ती होती. हे वाचलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलं, कारण किती मुलांच्या डोक्यात आपण हे प्रेमाने भरलंय.

यानंतर बऱ्याच देशांनी दिशा बदलली. अमेरिकेत 2000 साली नॅशनल रीडिंग पॅनल या तज्ज्ञांच्या गटाने आधीचे अभ्यास एकत्र करून सांगितलं की अक्षर-आवाजाचं नातं ठरवून, क्रमाने शिकवलं तर फायदा होतो आणि तो अगदी सुरुवातीच्या वर्षांत जास्त होतो. इंग्लंडमध्ये 2006 मध्ये वाचन कसं शिकवावं यावर जिम रोझ यांचा अहवाल आला, आणि 2012 पासून तिथे पाच-सहा वर्षांच्या मुलांची एक छोटी तपासणी होते, 40 शब्द वाचायचे, त्यातले 20 खरे आणि 20 चक्क निरर्थक. या निरर्थक शब्दांवर खूप लोक चिडतात, मुलांना अर्थ नसलेलं का वाचायला लावता म्हणून. पण मला ती आयडिया आवडते, कारण निरर्थक शब्दाचा अंदाज करताच येत नाही, तो वाचावाच लागतो. घरी करून बघा. मुलाला "मोसू", "टाकीब", "लुगप" असे तीन शब्द लिहून द्या आणि खेळ म्हणून वाचायला सांगा, गंमत म्हणून हे एखाद्या परग्रहावरच्या प्राण्याचं नाव आहे असं सांगा हवं तर. त्याला पाठ असलेलं पुस्तक घडाघडा येत असेल आणि इथे अडकत असेल तर समजा की मधली पायरी राहिलीय. रागावू नका. त्यात त्याची काहीच चूक नाही.

आता दुसरी बाजू, कारण मराठीत या गोष्टीचं रूप थोडं वेगळं आहे. आपण अभिमानाने म्हणतो की आमची लिपी सोपी, जसं बोलतो तसं लिहितो, इंग्रजीसारखा स्पेलिंगचा घोळ नाही. यात तथ्य आहे. 2003 मध्ये युरोपातल्या तेरा भाषांतल्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली होती, त्यात पहिल्या वर्षाच्या शेवटी फिनिश, इटालियन, ग्रीक वाचणारी मुलं ओळखीचे शब्द जवळपास सगळे बरोबर वाचत होती आणि इंग्रजी वाचणारी एक तृतीयांशच्या आसपास. लिपी सरळ असली की फरक पडतो, फार पडतो. पण आपली लिपी नियमित असली तरी छोटी नाही. चौतीस-पस्तीस व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडी, म्हणजे चारशेच्या वर आकार झाले, वर जोडाक्षरं. कन्नडची रचना आपल्यासारखीच आहे आणि त्यावर सोनाली नाग यांनी केलेल्या अभ्यासात दिसलं की मुलांची सगळी अक्षरं पक्की व्हायला चौथीपर्यंत वेळ जातो. तेव्हा पहिलीतल्या मुलाला "अजून तुला हे येत नाही?" असं विचारताना आपण काय विचारतोय याचा विचार करायला हवा.

आणि बाराखडी पाठ असणं म्हणजे वाचता येणं नाही. मी एका सात वर्षांच्या मुलाबरोबर बसत होते, तो क का कि की पासून शेवटपर्यंत एका सुरात म्हणायचा, एक अक्षर चुकायचं नाही. मी कागदावर नुसतं "कु" लिहून विचारलं हे काय, तर तो मनात सुरुवातीपासून म्हणायला लागला, बोटं मोजत, क, का, कि, की, कु... हं, कु! त्याच्याकडे गाणं होतं आणि त्या गाण्यात कु पाचवा येतो हे त्याला माहीत होतं, पण खालचा तो उकार म्हणजे उ चा आवाज आहे हे माहीत नव्हतं. मग मी 'मु', 'लु', 'सु' एकाखाली एक लिहिले आणि त्याला विचारलं यात सारखं काय दिसतंय आणि सारखं काय ऐकू येतंय. दोन मिनिटं गेली. मग त्याने स्वतःच 'पु' लिहून दाखवलं, जे मी सांगितलं नव्हतं. चारशे आकार पाठ करायचे नसतात, पस्तीसेक व्यंजनं आणि दहा-बारा खुणा कळल्या की बाकी मूल स्वतः बनवतं, पण हे त्याला कोणीतरी उघडून दाखवावं लागतं.

त्यातच काही जागा खरोखर अवघड आहेत आणि आपण मोठे ते विसरून गेलोय. पहिली वेलांटी लिहिताना आधी येते आणि बोलताना नंतर, 'कि' मध्ये डोळ्याला आधी खूण दिसते पण तोंडाने आधी क म्हणायचा, डावीकडून उजवीकडे वाच असं नुकतंच शिकलेल्या मुलाला हे किती विचित्र वाटत असेल. र चं तर विचारूच नका, 'क्रम', 'ट्रक', 'सूर्य', 'वाऱ्या', प्रत्येक ठिकाणी वेगळा अवतार. चमचा मधला च आणि चंद्र मधला च लिहायला एकच पण म्हणायला दोन.

आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे शेवटचा न बोललेला अ. मूल वाचतं कऽ... मऽ... ळऽ... आणि गप्प बसतं, कारण त्याच्या तोंडून जे निघालं ते कमळ सारखं ऐकूच येत नाही. आपण म्हणतो अरे अक्षरं तर सगळी बरोबर म्हणालास मग शब्द का येत नाही, आणि चिडतो. पण करवत आपण क-र-व-त असं म्हणतो का? आपण म्हणतो करवत्, मधला र सुद्धा अर्धा आणि शेवटचा त सुद्धा. हे कुठे लिहिलेलं नसतं. मुलाने अक्षरांचे आवाज काढून जवळपास पोचायचं आणि मग स्वतःच्या कानात शोधायचं की असा कुठला शब्द मी ऐकलाय, ही उडी त्याला मारायची असते. म्हणून मी आता दोन गोष्टी करते. अक्षरांचे आवाज तोडके, छोटे म्हणायला लावते, लांबवायचे नाहीत. आणि मुलाने तीन अक्षरं म्हटली की विचारते, "आता पटपट म्हण, असा कुठला शब्द ऐकलायस का तू?" ज्या मुलाने कमळ हा शब्द ऐकलाय त्याचा चेहरा उजळतो. ज्याने कधी ऐकलाच नाही तो सगळी अक्षरं बरोबर वाचूनही तिथेच उभा राहतो, कारण पलीकडे उतरायला जागाच नाही.

म्हणूनच अक्षर-आवाज शिकवा म्हणणाऱ्यांनी गोष्टी वाचून दाखवणाऱ्यांना नावं ठेवायची काही गरज नाही. 1986 मध्ये गफ आणि टनमर या दोघा अभ्यासकांनी एक अगदी साधी मांडणी केली, वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर दुसरी कितीही असो, उत्तर शून्य. माझ्या भाचीची भाषेची बाजू भरलेली होती, दुसरी रिकामी होती. उलट अशीही मुलं मी बघितली आहेत जी अख्खा परिच्छेद न अडखळता वाचतात आणि विचारलं काय वाचलंस तर परत पहिल्या ओळीवर जातात. अमेरिकेत 1988 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला, मुलांना बेसबॉलच्या खेळाबद्दलचा उतारा दिला, तर वाचनात कच्ची पण बेसबॉल चांगलं माहीत असलेली मुलं वाचनात पक्क्या पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा जास्त सांगू शकली. माहिती, शब्द, जगाची ओळख ही वाचनाच्या आतच असते.

तेव्हा मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि कृपा करून मूल स्वतः वाचायला लागलं की ते बंद करू नका. मला वाटतं बहुतेक घरांत ही चूक होते, "आता तुला येतं ना, मग तूच वाच". सहा-सात वर्षांचं मूल कानाने जी गोष्ट समजू शकतं ती त्याच्या वाचनाच्या कितीतरी पुढची असते, लांब वाक्यं, वेगळे शब्द, मनातल्या गोष्टी, आणि आपण त्याला अचानक "काका काम कर" वर आणून ठेवतो. त्याला वाटणारच ना की वाचन म्हणजे कंटाळा. दोन वेगळ्या वेळा ठेवा. एक मुलाच्या वाचनाची, जिथे पुस्तक त्याला जमेल इतकं सोपं हवं. आणि एक आपण वाचून दाखवायची, तिथे पुस्तक त्याच्यापेक्षा मोठं असलं तरी चालेल, मध्ये थांबून विचारा पुढे काय होईल, तो असं का वागला असेल, मुलाला बोलू द्या, त्याने चित्रांकडे हवं तितकं बघावं. चित्रांवर माझा काही राग नाही, चित्रं गोष्टीसाठी आहेत, शब्द ओळखण्यासाठी नाहीत, एवढंच.

सुरुवात कुठून करायची तर अ पासून ज्ञ पर्यंत रांगेने नको. वर्णमालेचा तो क्रम फार सुंदर आहे, उच्चार तोंडात कुठे होतो त्यावरून लावलेला, पण तो व्याकरणाचा क्रम आहे, शिकण्याचा नाही. रांगेने गेलं तर ङ आणि ञ पर्यंत पोचलं तरी मुलाने एक शब्द वाचलेला नसतो. त्यापेक्षा अक्षरगट घ्या, र, म, क, ल आणि काना एवढ्यावर राम, काम, मला, काल, लाल, कला, मामा, काका, कमाल असे कितीतरी शब्द होतात आणि मूल पहिल्याच आठवड्यात खरं काहीतरी वाचतं. ते वाचल्यावर त्याच्या तोंडावर जे येतं ते कुठल्याही स्टिकरने येत नाही. आणि हे सगळं सुरू करायच्या आधी, वही-पेन्सिल न घेता नुसते कानाचे खेळ, 'पान' मधला प काढला आणि क घातला तर काय झालं? कान. आता म घाल. आता र घाल. चालता-चालता होणारा खेळ आहे हा, पण ज्या मुलाला आवाज सुटे ऐकू येतात त्याला अक्षर म्हणजे काय हे सांगावंच लागत नाही फारसं.

घाईबद्दल मला दोन उलट वाटणाऱ्या गोष्टी एकदमच म्हणायच्या आहेत. तीन-साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ओळी गिरवून घेण्याला माझा ठाम विरोध आहे. फिनलंडमध्ये शाळा सात वर्षांच्या वयात सुरू होते आणि तिथली मुलं काही मागे राहिलेली नाहीत. न्यूझीलंडमध्ये सेबॅस्टियन सगेट यांनी पाच आणि सात वर्षांच्या वयात वाचन शिकायला सुरुवात केलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा अकराच्या आसपास वाचनात फरक उरला नव्हता. मग ती दोन वर्षं बोलण्यात, ऐकण्यात, खेळण्यात गेली तर काय बिघडलं? पण एकदा शिकवायला सुरुवात झाली, वर्षभर नीट शिकवलं आणि तरी मूल अडतंय तर तिथे "थांबा, येईल हळूहळू, याचा बाबाही उशिराच शिकला" हे म्हणणं फार महागात पडतं. उशिरा सुरुवात करणं वेगळं आणि अडकलेल्या मुलाला तसंच सोडणं वेगळं. स्टॅनोविच यांनीच 1986 मध्ये हे चक्र मांडलं होतं, ज्याला वाचता येतं तो जास्त वाचतो, त्याचे शब्द वाढतात, म्हणून त्याला अजून चांगलं वाचता येतं, आणि ज्याला येत नाही तो टाळायला लागतो आणि अंतर दरवर्षी वाढत जातं. आठ-नऊ वर्षांचं झाल्यावर पुस्तकांतली चित्रं कमी होतात, इतिहास-विज्ञान सगळं वाचूनच शिकायचं असतं, आणि तोपर्यंत अंदाजावर निभावलेलं मूल अचानक "अभ्यासात मागे" ठरतं. ते अचानक नसतं, तीन वर्षांपासून दिसत होतं, आपण चित्रावर हात ठेवून बघितलं नव्हतं.

डिस्लेक्सियाचंही तेच. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाला अक्षरं उलटी दिसतात असा समज अजून आहे, पण बहुतेक मुलांची मूळ अडचण आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षरांशी जोडण्यात असते, बुद्धीशी त्याचा संबंध नसतो. अशा मुलांना वेगळी जादू लागत नाही, हीच पायरी जास्त सावकाश, जास्त वेळा, जास्त स्पष्ट करून लागते, आणि ती जितकी लवकर मिळेल तितकं बरं. आळशी, हट्टी, मुद्दाम करतो, हे शब्द त्या मुलाला आयुष्यभर आठवतात. मोठ्या झालेल्या माणसांनी मला हे सांगितलंय, सांगताना आवाज बदललेला असतो त्यांचा.

कोणी म्हणेल की हे सगळं घोटवून घेणं झालं, यात आनंद कुठे? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण कुठलीही पद्धत कंटाळवाणी करता येते आणि तासभर नुसते आवाज म्हणायला लावले तर मूल पळून जाईल. पंधरा-वीस मिनिटं पुरतात. पण ज्याला शब्द उलगडत नाही त्याला वाचनाचा आनंद घे म्हणणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला खोल पाण्याची मजा घे म्हणण्यासारखं आहे. आणि आनंद सगळ्यात जास्त कशाने मरतो ते मी बघितलंय, वर्गात एकेकाला उभं करून सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावण्याने. अडखळणारं मूल आपला नंबर यायच्या आधी दहा मिनिटं फक्त आपली ओळ कुठली येईल ते मोजत बसतं, बाकीच्यांनी काय वाचलं त्याच्या कानावरही पडत नाही. स्टॉपवॉच लावून मिनिटाला किती शब्द ते मोजणंही तसंच, शिक्षकाला माहिती म्हणून कधीतरी ठीक आहे, मुलाला ते दाखवू नका. वेग यायचा असेल तर तोच उतारा चार दिवस परत परत, शेजारी बसलेल्या एका माणसासमोर, जो हसणार नाही.

शेजारी बसलेल्या माणसाने काय करायचं? थांबायचं. हे मला शिकायला सगळ्यात जास्त वेळ लागला. मूल अडलं की आपल्या तोंडून शब्द निघूनच जातो. तीन-चार सेकंद गप्प बसायचं, मग जिथे अडलंय त्या अक्षरावर बोट ठेवायचं, हा आवाज काय, आणि हा, आता जोड. तरी नाही आलं तर सांगून टाकायचं, छळायचं नाही. फोनमधली गोष्ट वाचून दाखवणारी ॲप्स हे करत नाहीत, तिथे शब्द रंगतो आणि आवाज येतो आणि मूल ऐकतं, ऐकणं चांगलंच आहे पण ते वाचन नाही. मुलाने कुठे अडखळलं, कुठे नुसतं अंदाजाने म्हटलं, कुठे डोळे चित्राकडे गेले हे शेजारी बसलेल्या माणसाला कळतं.

आणि ही जबाबदारी फक्त घरांवर टाकून चालणार नाही, कारण ज्या घरात कोणालाच वाचता येत नाही त्या मुलाने काय करायचं. वर्ल्ड बँक आणि युनेस्को वगैरेंच्या 2022 च्या अहवालानुसार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत कोविडच्या आधीच दहा वर्षांच्या मुलांपैकी 57 टक्के मुलांना साधा मजकूर वाचून समजत नव्हता, आणि शाळा बंद राहिल्यावर ते प्रमाण 70 टक्क्यांवर गेलं असावं असा त्यांचा अंदाज होता. यातली बरीच मुलं रोज शाळेत जाणारी आहेत. त्यातल्या कितीतरी मुलांना पहिलं अक्षर अशा भाषेत शिकवलं जातं जी ती घरी बोलतच नाहीत, म्हणजे गुणाकारातली दुसरी बाजूही आपणच शून्याजवळ नेऊन ठेवतो. मूल जी भाषा बोलतं तिच्यात आधी वाचू द्या, जोडायची युक्ती एकदा आली की ती दुसऱ्या भाषेतही कामी येते. पहिली-दुसरीला शाळेतले सगळ्यात अनुभवी, सगळ्यात जास्त समज असलेले शिक्षक द्या, त्यांना अक्षर-आवाज कसं शिकवायचं याचं खरं ट्रेनिंग द्या, आणि प्रत्येक मुलाबरोबर आठवड्यातून एकदा तरी एकटं बसून वाचायला वेळ द्या. आत्ता बहुतेक ठिकाणी सगळा जोर वरच्या वर्गांवर, परीक्षांवर असतो आणि खालचे वर्ग कोणीही सांभाळेल असं धरलेलं असतं. मला हे अगदी उलटं वाटतं.

भाचीबरोबर आम्ही अक्षरगटांपासून परत सुरुवात केली तेव्हा ती आधी रुसली, तिला तर वाचता येत होतं ना. काही महिने लागले. परवा, आता ती आठ वर्षांची आहे, चित्रं नसलेल्या पुस्तकातून मला वाचून दाखवत होती, त्यात डोंगरातल्या वाटेचं वर्णन होतं आणि तिने वाचलं "पुढे खोल खोल दर्या". वाचलं आणि थांबली. मी गप्प बसले. ती पुटपुटली, "डोंगरात दर्या? समुद्र कसा येईल तिथे?" आणि परत शब्दावर वाकली, बोट त्या अक्षराच्या अगदी खाली नेलं, र कसा जोडलाय ते बघितलं, आणि म्हणाली "दऱ्या. दरी, दऱ्या. मावशी, हा र वेगळा आहे, तू मला हा शिकवलाच नव्हतास."